क्लोन झाला, पण जीव येईना!

जुन्या हार्डडिस्कची हुबेहूब कॉपी नव्या एसएसडीवर काढली, स्क्रीनवर ‘सक्सेस’ झळकलं, स्क्रू आवळले, बटण दाबलं... आणि समोर काळा पडदा! अशा वेळी घाबरायचं नसतं आणि ‘फॉरमॅट मारून टाक’ हे तर मुळीच म्हणायचं नसतं. नांदेड ते लातूर अशी धावपळ करून शिकलेला हा धडा.

सोमवारची रात्र. १७ जुलै २०२३. मी नांदेडला घरी, वर्क फ्रॉम होमचा शेवटचा कॉल संपवून नुकताच जेवायला बसलो होतो. तेवढ्यात लातूरहून ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मावसबहीण. लातूरात टॅक्स कन्सल्टंट आहे. भुसार व्यापारी, किराणावाले, दोन-चार हार्डवेअरची दुकानं अशा पन्नासेक लोकांचा जीएसटी आणि इन्कम टॅक्स सांभाळते. एरवी तिचा आवाज असा की समोरचा अधिकारीही सावरून बसावा. त्या दिवशी मात्र आवाज पार बसलेला.

‘‘अरे, लॅपटॉप चालूच व्हईना बघ. काळ्या पडद्यावर इंग्रजीत कायतर लिहून यायलंय. दुकानातला पोरगा म्हणायलाय, फॉरमॅट मारावं लागतंय. मारू देऊ का?’’

घास तोंडातच राहिला. ‘‘ताई, कुणालाच काही मारू देऊ नको. लॅपटॉप उचल आणि घरी घेऊन ये. दोन्ही डिस्क बरोबर आण, जुनी पण आणि नवी पण. मी उद्या सकाळच्या एसटीनं येतो.’’

जुलै महिना म्हणजे टॅक्सवाल्यांची पंढरीची वारी. २० तारखेला मागच्या महिन्याचा जीएसटीआर-३बी, ३१ तारखेला इन्कम टॅक्स रिटर्न. ३बीला उशीर झाला की रोजची ५० रुपये लेट फी, शिवाय बाकी राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. एका माणसाला ५० रुपये म्हणजे काहीच नाही. पण पन्नास क्लाएण्ट असले की हिशेब बदलतो. आणि पैशांपेक्षाही, ‘मॅडमचा कम्प्युटर बिघडला म्हणून आमचं रिटर्न राहिलं’ ही बातमी मार्केटमध्ये फिरायला एक दिवस पुरतो!

नेमकं घडलं काय?

लॅपटॉप २०१७ चा. आत एक टीबीची जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्डडिस्क. चालू करायचा, किचनमध्ये जाऊन चहा टाकायचा, चहा पिऊन यायचं, तोवर डेस्कटॉप दिसायला लागायचा. त्यात गेल्या महिन्यापासून आतून ‘टक् टक्’ असा आवाज. हार्डडिस्कमधून असा आवाज येणं म्हणजे शेजारच्या आजोबांनी रात्री-अपरात्री छातीवर हात ठेवणं. दुर्लक्ष करू नये.

ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अकरावीत. लातूर पॅटर्नमधला, म्हणजे दिवसभर फिजिक्स-केमिस्ट्री आणि उरलेल्या वेळात मोबाइल. त्यानं एक व्हिडिओ पाहिला आणि रविवारी ऑपरेशनला हात घातला. ५०० जीबीची नवी एसएसडी, एक यूएसबी केबल आणि क्लोनिंगचं एक फुकट सॉफ्टवेअर. तीन तासांत कॉपी पूर्ण. नवी डिस्क आत बसवली, बटण दाबलं, तर पडद्यावर एकच ओळ. ‘नो बूटेबल डिव्हाइस’. मराठीत सांगायचं तर, ‘ज्यावरून सुरू व्हावं असं मला काहीच सापडत नाही.’

सोमवारी लॅपटॉप दुकानात गेला. तिथल्या मुलानं बायोसमध्ये जाऊन दोन-चार सेटिंग बदलून पाहिली. नाही जमलं तेव्हा त्यानं प्रामाणिकपणे शेवटचा उपाय सांगितला. सगळं पुसून विण्डोज नव्यानं टाकू. त्याचा दोष नव्हता. त्याच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ लोकांना तेवढंच हवं असतं. दहावी ताई होती.

आधी डेटा, मग दुरुस्ती

मंगळवारी सकाळची बस धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारी लातूर. भुरभुर पाऊस. दारात पाऊल ठेवलं तर ताईच्या सासूबाई समोर. पाण्याचा तांब्या देता देताच त्यांनी विचारलं, ‘‘फोटो गेले का रे सगळे?’’

तोपर्यंत माझ्या डोक्यात फक्त जीएसटी होता. मग ताईनं सांगितलं. तिचं सासर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात त्यांचं गावातलं दगडमातीचं घर गेलं आणि घराबरोबर घरातले सगळे अल्बमही. नंतरच्या वर्षांत पाहुण्यारावळ्यांकडे कुणाच्या लग्नातला, कुणाच्या बारशातला असा एकेक फोटो शोधून ताईनं चाळीसेक फोटो स्कॅन केले होते. फोल्डरचं नाव ‘घर’. कॉपी एकच. त्याच लॅपटॉपमध्ये.

आपण सगळे असेच असतो, नाही का? ऑफिसच्या प्रेझेण्टेशनच्या पाच कॉप्या आणि आईच्या एकुलत्या एका फोटोची शून्य!

तर पहिला फंडा, हा फ्रिजवर लिहून चिकटवा. लॅपटॉप बूट होत नाही याचा अर्थ डेटा गेला असा होत नाही. बूट होणं म्हणजे दार उघडणं. दाराची किल्ली हरवली म्हणून घरातली भांडी गायब होत नाहीत.

जुनी, टक् टक् करणारी डिस्क आधी कपाटात ठेवून दिली. मरायला टेकलेली डिस्क जितक्या वेळा सुरू कराल, तितकं तिचं आयुष्य कमी होतं. नव्या एसएसडीला यूएसबी केबल लावली आणि ती माझ्या लॅपटॉपला जोडली. दहा सेकंद गेले. मग एक ड्राइव्ह दिसली. आत टॅलीचं फोल्डर, क्लाएण्टच्या एक्सेल फायली आणि ‘घर’. एक फोटो उघडला. वाड्यासमोर नऊवारीतल्या एक बाई, कडेवर मूल. सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, ‘‘ह्या माझ्या आत्याबाई.’’

पुढचा दीड तास दुसरं काहीच केलं नाही. सगळा डेटा माझ्या एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी केला. त्यानंतर दुरुस्ती फसली असती तरी चाललं असतं. आणि गंमत म्हणजे, फसली तरी चालेल असं झालं की हात थरथरत नाहीत.

गंजगोलाईतला पत्ता

आता प्रश्न असा की, सगळा डेटा आला, विण्डोजचं फोल्डरही आलं, मग लॅपटॉप सुरू का होत नव्हता?

गंजगोलाई पाहिली असेल तर हे चटकन कळेल. मध्ये जगदंबेचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि तिथून फुटणारे १६ रस्ते. नवखा माणूस तिथे उतरला तर सराफा कुठे, भांडी कुठे, मसाला कुठे हे कुणाला तरी विचारावंच लागतं. लॅपटॉपचंही तसंच असतं. बटण दाबलं की मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला विण्डोज म्हणजे काय, सी ड्राइव्ह कुठे, काहीच ठाऊक नसतं. पत्ता विचारायला त्याला एक ठरलेलं ठिकाण लागतं.

जुन्या पद्धतीत, म्हणजे बायोसच्या जमान्यात, हे ठिकाण अगदी पक्कं होतं. डिस्कचा पहिलाच ५१२ बाइटचा तुकडा. त्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. ४४६ बाइटमध्ये सुरुवातीचा कोड, ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनांची यादी आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये सही. १९८३ मध्ये आयबीएम पीसीच्या डॉस २.० बरोबर आलेली ही पद्धत पुढे तीस वर्षं टिकली. मर्यादा एवढीच की चार मुख्य पार्टिशन आणि साधारण दोन टीबीच्या पुढे तिला मोजता येत नाही.

नव्या पद्धतीत, म्हणजे यूईएफआयमध्ये, डिस्कच्या सुरुवातीला बसलेला तो कोड लागतच नाही. त्याऐवजी डिस्कवर एक छोटंसं स्वतंत्र पार्टिशन असतं. त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात. विण्डोज ते बहुतेक वेळा १०० एमबीचं बनवतं. बूट मॅनेजर नावाची फाइल आणि विण्डोज कुठे आहे हे सांगणारी नोंदवही दोन्ही तिथेच असतात. या नोंदवहीचं नाव बीसीडी. शिवाय मदरबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत एक चिठ्ठी असते. ‘अमुक डिस्कवरच्या तमुक पार्टिशनमधली ही फाइल उघड.’ म्हणजे बाजारात आलेल्या माणसाच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी, आणि पत्ता एका छोट्याशा टपरीचा, जिच्यात अख्ख्या बाजाराचा नकाशा टांगलेला.

भाच्याला विचारलं, ‘‘कॉपी करताना सॉफ्टवेअरनं पार्टिशनची यादी दाखवली होती का?’’

‘‘हो मामा. सी होती. बाकी बारकी बारकी होती, नाव पण नव्हतं त्यांना. एक तर नुस्ती १०० एमबीची. म्हटलं ह्याच्यात काय असणार? फक्त सीला टिक केलं.’’

झालं! अख्खी बाजारपेठ नव्या जागी हलवली आणि नकाशावाली टपरी तेवढी तिथेच राहिली. माझ्या लॅपटॉपवर डिस्क मॅनेजमेण्ट उघडून पाहिलं तर अंदाज खरा निघाला. एक मोठं पार्टिशन, पुढे थोडी रिकामी जागा. ईएफआयचा पत्ताच नाही.

दुकानात बदललेल्या सेटिंगमुळे गुंता आणखी वाढला होता. बूट मोड यूईएफआयवरून ‘लेगसी’वर गेला होता. जुन्या मशीनवर ही युक्ती लागू पडते. पण जी विण्डोज यूईएफआयमध्ये बसवलेली आहे, ती लेगसीत सापडणारच नाही. दोन कुलपं होती आणि दोघांच्या किल्ल्या वेगळ्या.

भूत उतरलं नाही अजून!

इथे थोडा फ्लॅशबॅक. एमएस-सीआयटीच्या जमान्यात ज्यांनी कम्प्युटर क्लासमध्ये उमेदवारी केली, त्यांना ‘घोस्ट मारणे’ हा वाक्प्रचार आठवत असेल. एक मशीन नीट तयार करायचं आणि त्याची इमेज बाकीच्या वीस मशीनवर ओतायची. हे घोस्ट नावाचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांनी १९९५ मध्ये तयार केलं आणि १९९८ मध्ये ते सिमॅण्टेकनं विकत घेतलं. त्या काळी डिस्कची कॉपी झाली की मशीन बहुतेक वेळा बिनबोभाट सुरू व्हायचं, कारण पत्ता डिस्कच्या पहिल्याच तुकड्यात असायचा. दुकानातल्या मुलाच्या हाताला तीच सवय.

त्याच्यावर हसायला मी तयार होतो... आणि अर्ध्या तासानं मीही तेच केलं. ते पुढे येईलच.

ऑपरेशन मंगळवार

आधी एक पेनड्राइव्ह लागतो, किमान ८ जीबीचा. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं त्यावर विण्डोजचा सेटअप तयार करायचा. विण्डोज नव्यानं टाकण्यासाठी नाही, तर त्यातल्या दुरुस्तीच्या पेटीसाठी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड सुरू केलं आणि ७० टक्क्यांवर लाइट गेली. माझा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण ताईच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच स्वर्गवासी झालेली. लाइट येईपर्यंत कांदाभजी खाल्ली. (मध्येच लाइट जाण्याची शक्यता असेल तर पार्टिशनच्या कामाला हातच लावू नका. इन्व्हर्टर नसेल तर थांबा.)

साडेसातला लाइट आली. मग पुढचा क्रम असा.

एक, नवी एसएसडी लॅपटॉपच्या आत बसवली. जुनी डिस्क कुठेही जोडलेली नाही याची खात्री केली. हे फार महत्त्वाचं आहे. मूळ आणि क्लोन यांची ओळख एकच असते. दोन्ही एकाच वेळी लावल्या तर विण्डोज गोंधळतं, एकीला ऑफलाइन तरी करतं किंवा तिची ओळख तरी बदलतं.

दोन, बायोसमध्ये जाऊन बूट मोड परत यूईएफआयवर आणला.

तीन, पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला. भाषेची स्क्रीन आली, ‘नेक्स्ट’ केलं. इथे ‘इन्स्टॉल नाऊ’चं मोठ्ठं बटण खुणावत असतं. त्याकडे बघायचंसुद्धा नाही! खाली डाव्या कोपऱ्यात बारक्या अक्षरांत ‘रिपेअर युअर कम्प्युटर’ असतं. ते दाबायचं, मग ‘ट्रबलशूट’.

चार, आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ करून पाहिलं. कधी कधी एवढ्यावर काम होतं. आमचं नाही झालं.

पाच, कमाण्ड प्रॉम्प्ट उघडला. आणि इथे माझ्याही अंगात जुनं भूत शिरलं. बोटांनी आपसूक ‘बूटरेक’च्या फिक्सएमबीआर आणि फिक्सबूट या कमाण्ड टाइप केल्या. पहिली म्हणाली, झालं. दुसरी म्हणाली, ‘अॅक्सेस इज डिनाइड’. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. भाचा शांतपणे म्हणाला, ‘‘मामा, जे पार्टिशनच नाही ते फिक्स कसं होईल?’’ लातूर पॅटर्न काही उगाच नाही!

सहा, मग योग्य वाट धरली. ‘डिस्कपार्ट’ सुरू केलं. डिस्कची यादी मागितली, तर एसएसडीपुढे जीपीटीच्या रकान्यात चांदणी होती. म्हणजे डिस्कची मांडणी नव्या पद्धतीचीच. सुटलो. विण्डोजचं पार्टिशन निवडून ते ३०० एमबीनं आक्रसलं. मोकळ्या जागेत २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन बनवलं, ते फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलं आणि त्याला एस हे अक्षर दिलं. इथे एक खबरदारी घ्यायला हवी. दुरुस्तीच्या स्क्रीनवर ड्राइव्हची अक्षरं नेहमीसारखी असतीलच असं नाही. कधी सी ही डी होते. म्हणून आत विण्डोजचं फोल्डर आहे ना, हे डोळ्यांनी बघूनच पुढे जायचं.

सात, शेवटची कमाण्ड ‘बीसीडीबूट’. तिला तीनच गोष्टी सांगायच्या. विण्डोजचं फोल्डर कुठे आहे, बूटच्या फाइल कुठे ठेवायच्या (एसवर) आणि पद्धत कोणती (यूईएफआय). एण्टर दाबलं. दोन सेकंदांत ओळ आली, बूट फाइल तयार झाल्या. नकाशावाली टपरी पुन्हा उभी राहिली आणि मदरबोर्डच्या खिशातली चिठ्ठीही नवी झाली.

पेनड्राइव्ह काढला आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला. खोलीत मी, ताई, भाचा आणि दारात सासूबाई. कुणी बोलेना. कंपनीचा लोगो आला. खाली ठिपके गोल फिरायला लागले. आणि मग ताईचा नेहमीचा वॉलपेपर. रात्रीचे पावणेदहा.

ताईनं पहिलं वाक्य काय म्हणावं? ‘‘आता कुणी हात लावू नका त्याला.’’

पण मी लावला. बंद करून तीनदा सुरू केला. तिन्ही वेळा नीट आला. विण्डोजचं अॅक्टिव्हेशनही जागच्या जागी होतं, कारण ते मदरबोर्डला बांधलेलं असतं, डिस्कला नाही. आणि २० तारखेच्या संध्याकाळी ताईचा मेसेज आला. ‘सगळे ३बी गेले.’ सोबत एक फोटो. माझा नाही, लॅपटॉपचा. त्याला हळदीकुंकू लावलेलं!

पडदा काय म्हणतो, ते ऐका

क्लोन सुरू होत नाही तेव्हा पडद्यावरचा मेसेज नीट वाचा. मोबाइलवर त्याचा फोटो काढा. प्रत्येक मेसेजचं दुखणं वेगळं असतं.

• ‘नो बूटेबल डिव्हाइस’ : मदरबोर्डला पत्ताच सापडला नाही. डिस्क नीट बसली आहे का, बायोसमध्ये तिचं नाव दिसतं का, बूट मोड पूर्वी होता तोच आहे का, बूट ऑर्डरमध्ये नवी डिस्क वर आहे का हे पाहा. सगळं ठीक असेल तर ईएफआय पार्टिशन कॉपी झालं नसेल.

• निळी स्क्रीन आणि शून्यांच्या रांगेनंतर शेवटी ‘ई’ असलेला कोड : टपरी सापडली, पण नकाशावर जुन्या बाजाराचा पत्ता आहे. नोंदवही जुनीच डिस्क शोधते आहे. बीसीडीबूट हाच उपाय.

• ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ : विण्डोज सुरू झालं, पण डिस्क वाचणारा ड्रायव्हर जागा नाही. साध्या साटा डिस्कवरून एनव्हीएमईवर गेलात किंवा बायोसमध्ये एएचसीआय आणि रेड यांची अदलाबदल झाली तर हे होतं. सेटिंग पूर्ववत करा. नाहीतर दुरुस्तीच्या मेनूतून एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा. अनेकदा तेवढ्यानं विण्डोज योग्य ड्रायव्हर उचलतं.

• ४८ आकडी रिकव्हरी की मागणारी स्क्रीन : डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद आहे. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउण्टमध्ये साठवलेली असते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाकडे. (आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मुळात स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा!)

क्लोन करण्याआधी

• महत्त्वाच्या फाइल आधी तिसऱ्या जागी कॉपी करा. क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ डिस्कवरचा व्हायरससुद्धा क्लोनवर इमानदारीनं उतरतो.

• डिस्कची तब्येत तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट प्रोग्रॅम ‘कॉशन’ दाखवत असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं वाचवा, क्लोन नंतर. अशा डिस्कवर चेकडिस्कची मेहनत करू नका.

• बिटलॉकर बंद करा. नव्या लॅपटॉपवर ते आपोआप सुरू झालेलं असू शकतं. विण्डोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून तर ही शक्यता वाढली आहे.

• पार्टिशनची निवड करू नका, पूर्ण डिस्क निवडा. बारकी, बिननावाची, रिकामी दिसणारी सगळी. सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. एसएसडी कंपन्यांची स्वतःची असतात. तैवानच्या राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग केंद्रातून आलेलं क्लोनझिला फुकट आहे, फक्त त्याचं रूप जरा रुक्ष.

• नवी डिस्क लहान असली तरी चालते. मात्र जुनीवर भरलेला डेटा तिच्यात मावला पाहिजे.

• क्लोन यूएसबीवरूनच सुरू होतो का, हे तपासण्याच्या फंदात पडू नका. साधी विण्डोज यूएसबीवरून सुरू होण्यासाठी बनलेली नसते. आत बसवूनच परीक्षा घ्या, आणि पहिल्या वेळी एकटीलाच.

• जुनी डिस्क महिनाभर पुसू नका. तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवा.

विण्डोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विण्डोज ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागतं, त्यामुळे ताईसारखे २०१७ चे बहुतेक लॅपटॉप तिथे अधिकृतपणे पोचत नाहीत. एसएसडीनं म्हातारा लॅपटॉप पळायला लागतो हे खरं. पण क्लाएण्टचे पॅन नंबर आणि पासवर्ड ज्यात आहेत, ते मशीन सुरक्षेच्या अपडेटशिवाय चालवू नये, हेही तितकंच खरं. ताईनंही मग नवा लॅपटॉप घेतला. जुना आता भाच्याच्या प्रयोगशाळेत आहे.

आणि ‘घर’? ते फोल्डर आता तीन ठिकाणी आहे. एक लॅपटॉपवर, एक एक्स्टर्नल डिस्कवर आणि एक नांदेडला माझ्याकडे. तीन कॉप्या, दोन प्रकारच्या वस्तूंवर, एक गावाबाहेर. जगभरचे आयटीवाले याला ३-२-१ म्हणतात. सासूबाईंनी मात्र त्याचा सोपा अर्थ काढला. ‘‘म्हणजे एक घर पडलं तर दुसऱ्या घरात असावं. एवढंच ना?’’

एवढंच.

परत निघताना भाचा स्टॅण्डवर सोडायला आला. ‘‘मामा, पुढच्या वेळी काय लक्षात ठेवू?’’ म्हटलं, ‘‘ज्याला नाव नाही आणि ज्यात काही दिसत नाही, ते बिनकामाचं समजू नको.’’ बसमध्ये बसल्यावर वाटलं, जरा जास्तच फिलॉसॉफिकल झालं.

महिन्याभरानं ताईचा फोन. आवाज मूळपदावर. म्हणाली, ‘‘तुझ्या त्या एसएसडीनं वाट लावली बघ माझी.’’

मी दचकलो. ‘‘आता काय झालं?’’

‘‘बटण दाबलं की लगेच चालू व्हायलाय. सकाळचा चहा करायला वेळच मिळंना!’’